पळणाऱ्या पोरींसाठी एक लेन्स

गुलाब पळत नाही. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटत होतं, की आपल्याला फोटो चांगले काढता येतात.

दिंडोरी रोडला आमचं शिवार आहे आणि त्यात गुलाबाची पॉलीहाऊसं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा व्यापाऱ्यांना रोज सकाळी मालाचे फोटो पाठवायचं काम माझ्याकडे आलं. मोबाईलवर लाल रंग नारिंगी दिसायचा आणि व्यापारी कुरकुर करायचे, म्हणून कॅमेरा घेतला. फुलासमोर उकिडवं बसायचं, पाकळीवर उजेड कुठून पडतोय ते बघायचं, वारं थांबलं की बटण दाबायचं. नाही जमलं तर पुन्हा दाबायचं. गुलाबाला कुठे जायचं असतं!

माझ्या थोरल्या जाऊबाई गावच्या शाळेत खेळ शिकवतात. मी त्यांना ताई म्हणते. चाळिशी उलटली तरी त्यांच्या पायाला भिंगरी आहे. घरात भाकरी थापतानासुद्धा त्या एका जागी उभ्या राहत नाहीत. त्यांनी तयार केलेला मुलींचा खो-खोचा संघ गेल्या हिवाळ्यात अचानक चमकायला लागला. एकामागून एक सामने जिंकत पोरी स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचल्या. अंतिम सामना सिन्नरला होता, संध्याकाळी, प्रकाशझोतात.

ही बातमी आली त्या दिवशी ताई चपला न काढताच स्वयंपाकघरात आल्या.

"तू यायचं. कॅमेरा घेऊन. माझ्या पोरी कशा पळतात ते सगळ्या गावाला दिसलं पाहिजे."

मी लगेच हो म्हटलं आणि सराव म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर गेले. सूर्य कलला होता. पोरी पळत होत्या, मी खटाखट बटण दाबत होते आणि मनातून फार खूश होते. घरी येऊन फोटो टीव्हीवर लावले. ताई पुढे सरकून बसल्या. पहिला फोटो आला, दुसरा आला, तिसरा आला.

"हे काय गं?" त्या म्हणाल्या. "पोरी कुठायत? नुसता धूर दिसतोय."

खरंच धूर होता. निळ्या रंगाची शाळेची चड्डी आहे एवढं कळत होतं, पण त्यातली पोरगी विरघळून गेली होती. मागे बसलेले आमचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या धुरानं मला पछाडलं. पॉलीहाऊसमधली कामं उरकली की मी मोबाईलवर तेच वाचत बसायचे. गोष्ट तशी साधी होती. पळणारं माणूस फोटोत स्पष्ट हवं असेल, तर कॅमेऱ्याचा पडदा अगदी निमिषभर उघडून मिटला पाहिजे. तेवढ्या वेळात आत पुरेसा उजेड यायला हवा, तर लेन्सचा डोळा मोठा हवा. माझ्या कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सचा डोळा बारीक होता. भर दुपारी गुलाबाला तो पुरत होता. संध्याकाळच्या खो-खोला पुरणं शक्य नव्हतं. हे कळलं तेव्हा मला एखादं कुलूप उघडल्यासारखं झालं. चूक माझ्या हाताची नव्हती तर! फेब्रुवारीत गुलाबाला भाव बरा मिळाला होता, त्यामुळे घरात विषय काढायलाही हुरूप होता. नवऱ्यानं एकच विचारलं, "मग कुठली घ्यायची?" तेच तर मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी ताई आणि मी शहरात शरणपूर रोडच्या बाजूला एका दुकानात गेलो. वरच्या मजल्यावर, अरुंद जिन्यानं चढून जायचं असं दुकान. दुकानदार गोल चेहऱ्याचे, बोलायला उत्साही. मी म्हटलं, "खेळाचे फोटो काढायचेत, लांबून, आणि संध्याकाळी." त्यांनी 'लांबून' एवढंच ऐकलं असावं. आतून त्यांनी एक लेन्स आणली. ती लेन्स म्हणजे केवढी! पाणी तापवायच्या बंबाचं लहान भावंडच. दीडशे ते सहाशे मिलिमीटरपर्यंत झूम होणारी.

"खिडकीतून बघा," ते म्हणाले.

मी डोळा लावला आणि ओरडलेच. रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घातले होते. त्या पापडातलं जिरं मला दिसत होतं! लेन्स जरा फिरवली तर वायरीवर पोपट बसलेला. त्याच्या डोळ्याभोवतीचं कडं दिसलं. पुढे एका घरातल्या कॅलेंडरवरचा महिना दिसला. मग ताईंनी माझ्या हातातून कॅमेरा ओढून घेतला आणि त्याही ओरडल्या. आम्ही दोघी त्या खिडकीत जत्रेतल्या दुर्बिणीवाल्याकडे पोरं भांडतात तशा भांडत होतो.

"हीच," मी म्हटलं. "हीच घ्यायची."

"चंद्रावरचे खड्डे दिसतील," दुकानदार खुशीत म्हणाले.

"चंद्रावर खो-खो खेळतात का?" ताईंनी विचारलं. पण त्यांचाही डोळा अजून पोपटावर होता.

कपाटात मला दुसरी एक लेन्स दिसली. पांढुरकी, लांबीला निम्मी, पण पुढची काच रुंद. सत्तर ते दोनशेवाली. दुकानदार म्हणाले, ती वापरलेली आहे, जुन्या पद्धतीची आहे, हात हलला तर सांभाळून घ्यायची सोय तिच्यात नाही. पण डोळा मोठा आहे, आणि झूम केलं तरी तो डोळा बारीक होत नाही. लांबवाल्या लेन्सचं तसं नव्हतं, जितकं लांबचं बघाल तितका तिचा डोळा मिटत जायचा. हे त्यांनी सांगितलं, पण मी पोपट पाहून आले होते. माझं मन कुठलं वळतंय! शेवटी ताईच म्हणाल्या, "दोन्ही भाड्यानं द्या. घरी नेऊन पळवून बघतो."

दुकानदार घाबरले. "पळवून म्हणजे?"

"लेन्स नाही हो. माणसं."

आणि खरोखर तसंच झालं. रविवारी संध्याकाळी पॉलीहाऊसच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत आमच्या घरानं खो-खो मांडला. गुलाबाचे रिकामे क्रेट ओळीनं ठेवले, ते बसलेले गडी. एका टोकाला पॉलीहाऊसचा लोखंडी खांब. ताईंनी पदर खोचला. माझा नवरा पळणार होता आणि ताई त्याला पकडणार होत्या. आबा बाजेवर बसून पंच झाले.

"उजेड हाय तोवर उरका," आबा म्हणाले.

"उजेड नसतानाच उरकायचंय, आबा," मी म्हटलं.

"मंग वाईच थांबा. आत्ता लय ऊन हाय."

सूर्य पॉलीहाऊसच्या मागे उतरला, सावल्या एकात एक मिसळल्या, आणि मी हात वर केला. आधी लांबवाली लेन्स लावली होती. नवरा क्रेटांमधून पळाला, ताई त्याच्या मागे. मी डोळा लावला तर समोर फक्त एक कान. नवऱ्याचा कान! मी मागे सरकले, अजून मागे सरकले, बांधापर्यंत गेले. तिथून दोघं दिसायला लागले, पण लेन्स घुर्रघुर्र करत फोकस शोधत बसली. ती एकदा क्रेटवर थांबायची, एकदा मागच्या हिरव्या जाळीवर. तिला पोपट हवा होता, वायरीवर बसलेला.

मग पांढुरकी लावली. तिचं वजन मनगटात उतरलं. नवरा आता दमला होता आणि क्रेटाला धरून उभा होता.

"अजून एकदा," मी ओरडले.

"अगं, जेवायला घालणार आहेस की नाही?"

"पळा हो!"

तो पळाला. ताई त्याच्या मागून आल्या, त्यांनी खांबाला डाव्या हाताचा विळखा घातला आणि सगळं अंग हवेत झोकून सूर मारला. साडी नेसून! आबा बाजेवरून उठूनच उभे राहिले. ताईंचा हात नवऱ्याच्या पाठीवर पडला, दोघंही मातीत लोळले आणि आबांनी "बाद! बाद!" असा काही पुकारा केला, की शेजारच्या मळ्यातली कुत्री भुंकायला लागली.

रात्री ते फोटो टीव्हीवर लावले. आधी लांबवालीचे आले. सगळे धूर. मोठा, जवळ आलेला, महागडा धूर. मग पांढुरकीचे आले. ताई आडव्या, हवेत. पदराचं टोक उडालेलं. बोटं ताठ. खांबाखालून उडालेली माती दाण्यादाण्यानं थांबलेली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका निव्वळ आनंद होता, की मी एवढी वर्षं त्यांच्यासोबत एका घरात राहून तो कधी पाहिला नव्हता.

मग आबा म्हणाले, "थोरलीला पंख हायेत की."

ताई मात्र फोटोत आपण किती लहान दिसतो ते बघत होत्या. "पण यात मी लांब दिसते. त्या दुसरीनं जवळ दिसले असते."

"जवळ दिसायला मी जवळ येईन ना, ताई," मी म्हटलं. बोलता बोलताच मला ते पटलं. लांबचं जवळ आणायला माझे पाय होते. उजेड आणायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आणि हात सांभाळायची सोय नसली म्हणून काय बिघडतं? ती सोय माझा हात थोपवणार होती, पळणाऱ्या पोरीला नाही. सोमवारी मी दुकानात जाऊन पांढुरकी घेतली. दुकानदारांना मी ताईंचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता 'पळवून' म्हणजे काय ते कळलं."

सिन्नरला आम्ही जीपमधून गेलो. पुढे ताई, मागे पोरी दाटीवाटीनं, आणि माझ्या मांडीवर बाळासारखी लेन्स. मैदानाच्या चारी कोपऱ्यांत उंच दिवे लावले होते, पण मधोमध उजेड आणि कडेला अंधुक, अशी अवस्था. गर्दी कडेच्या दोरीला टेकलेली. मी आयोजकांना विचारून एका खांबाच्या तिरक्या बाजूला, रेषेबाहेर गुडघे टेकून बसले. समोरचा संघ पेठचा होता. डोंगरातल्या मुली, अंगानं बारीक, अनवाणी खेळणाऱ्या.

सामना सुरू झाला आणि पहिला काही वेळ माझे सगळे फोटो वाया गेले. मोठ्या डोळ्याची लेन्स लाडावलेली असते. ती उजेड भरपूर घेते, पण तिला एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट दिसते. मी पळणारीवर नेम धरायचे आणि ती बसलेल्या मुलीच्या वेणीवर थांबायची. घाम फुटला. मग लक्षात आलं की मी पोरींच्या मागे मागे धावतेय, आणि मागे धावून त्या सापडत नाहीत. कॅमेरा पोरीच्या पुढे हवा. ती वळणार कुठे, तिथे आधीच जाऊन बसायचं.

तेव्हाच पेठची एक मुलगी मैदानात आली. लाल रिबिनीनं वेण्या वर बांधलेल्या, चणीनं सगळ्यांत लहान. आमच्या पोरींनी तिच्यामागे खो दिला. ती पळाली. पळाली म्हणजे काय सांगू! ती सरळ जातेय असं वाटायचं आणि खांदा एका बाजूला झुकवायची. आमची मुलगी त्या बाजूला झेपावली की ही दुसऱ्या बाजूनं दोघी बसलेल्यांच्या मधून निसटायची. पुन्हा खो. पुन्हा हुलकावणी. ताई मैदानाबाहेरून ओरडत होत्या, "थांबू नका! खो द्या! खो!" लोक दोरी ओढून आत यायला लागले होते. आणि मी? मी कुणाच्या बाजूची आहे हे साफ विसरले होते. तिचा खांदा झुकला की मला कळायला लागलं, आता ही इकडे येणार. मी तिथे लेन्स नेऊन ठेवायचे आणि ती बरोबर तिथे यायची, डोळे मोठे, ओठ घट्ट मिटलेले, आणि मी बटण दाबायचे. पहिल्यांदाच मला वाटलं, की मी फोटो काढत नाहीये, मीही खेळतेय.

ती शेवटपर्यंत बाद झाली नाही. पेठ जिंकलं.

आमच्या पोरी रडल्या. ताईंनी एकेकीच्या पाठीवर थाप मारली, सगळ्यांना मैदानाबाहेरच्या गाड्यावर भजी सांगितली आणि माझ्याकडे वळल्या. "दाखव फोटो."

मी कॅमेरा दिला.

"ही कोण?"

"पेठची."

"आणि ही?"

"तीच."

त्यांनी आणखी पुढे पाहिलं. "अगं, आपल्या पोरी कुठायत?"

"त्या काय, मागे," मी म्हटलं. "जरा धूसर आहेत."

मला वाटलं आता बोलणी बसणार. पण ताई एका फोटोवर थांबल्या होत्या. त्यात पेठची मुलगी कमरेत पूर्ण वाकलेली होती आणि आमच्या मुलीची बोटं तिच्या पाठीपासून अगदी जराशी लांब होती. ताईंनी कॅमेरा डोळ्याजवळ नेला.

"हिचा पाय बघ," त्या हळूच म्हणाल्या. मग जोरात, "पाय बघ हिचा! पाऊल आधी वळलंय, अंग नंतर. म्हणून ही समोरच्याला फसवते. आपल्या पोरी अंग आधी वळवतात. एवढे दिवस मला डोळ्यानं दिसत नव्हतं गं हे!"

त्यांनी भजी खाणाऱ्या पोरींना हाक मारली. सगळ्या त्या एवढ्याशा पडद्यावर डोकी भिडवून उभ्या राहिल्या, रडणं तिथेच विरलं. एकीनं तर रस्त्याच्या कडेलाच पाऊल वळवून बघितलं. मग ताई कॅमेरा घेऊन तरातरा पेठच्या संघाकडे निघाल्या आणि मी त्यांच्यामागे. कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यातच होता.

पेठचे शिक्षक उंच, अबोल गृहस्थ होते. ताईंनी ओळखपाळख न करता त्या मुलीपुढे फोटो धरला. ती मुलगी आधी बुजली. मग तिनं बघितलं, हातानं तोंड झाकलं आणि तिच्या मैत्रिणी तिच्या अंगावर कोसळल्या.

"ही मीच का?" तिनं विचारलं.

"तूच. आता सांग, पाऊल आधी कसं वळवतेस?" ताई म्हणाल्या.

ती विचारात पडली. "वळवत नाही. आपोआप वळतं. घराकडं उतार हाय ना, पळताना तसंच वळावं लागतं."

शिक्षक पहिल्यांदाच हसले. "मॅडम, हे शिकायचं तर पेठला यावं लागेल."

"येतो की," ताई म्हणाल्या. "रविवारी?"

आणि आम्ही गेलो. पेठचं ते मैदान म्हणजे डोंगराच्या कुशीतली सपाट केलेली जागा, एका अंगाला उतार. दिवे नव्हते. दुपारभर दोन्ही संघ मिसळून खेळले. लाल रिबिनवालीनं आमच्या पोरींना उतारावरून खाली पळवलं, वर पळवलं, पुन्हा खाली पळवलं. मी कधी पोटावर झोपून, कधी दगडावर चढून फोटो काढत होते. सूर्य डोंगराआड गेला तसा मी कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद वाढवत गेले. चित्रात दाणे दिसायला लागले, तरी चेहरे स्पष्ट होते, पाय स्पष्ट होते. त्या तशा उजेडात आमच्या एका मुलीनं पाऊल आधी वळवलं आणि पेठच्या सरांच्या पट्टीच्या खेळाडूला चकवलं, तोही फोटो मिळाला. पांढुरकी शेवटपर्यंत लढली.

मग इतकं अंधारलं की तिलाही काही दिसेना. मी कॅमेरा पिशवीत ठेवला. खेळ मात्र थांबायचं नाव घेईना. नुसते पायांचे आवाज आणि "खो! खो!"

"ए, इकडे ये!" अंधारातून ताईंचा आवाज आला. "एक गडी कमी आहे."

"मी? ताई, मला खेळता येत नाही."

"एवढे फोटो काढलेस आणि येत नाही म्हणतेस? ये!"

मी चपला काढल्या आणि मैदानात शिरले. पायाखाली गार माती होती. मागून पावलं वाजली. मी खांदा उजवीकडे झुकवला, डावीकडे वळले, मोठ्या झोकात दोघींच्या मधून पार झाले आणि आनंदानं किंचाळले. पुढच्याच वळणावर माझ्या पाठीवर बारीकसा हात पडला. लाल रिबिनवाली होती. ती इतकी हसत होती, की तिला "बाद" म्हणायलाही जमत नव्हतं.